आधी न्यूट्रल, मग सेल

योगराज बोरसे मास्तरांनी शब्द दिला तो जेवणाच्या ताटावर बसून. ताटावर बसलेल्या माणसाने कुणाला शब्द देऊ नये, असं त्यांच्या बायकोचं, जयश्रीबाईंचं, तेव्हापासून कायमचं मत झालेलं आहे. पोट भरलं की माणसाला सगळंच जमेलसं वाटतं. त्यातून त्या दिवशी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होता, म्हणजे मास्तरांनी चंद्रावर नेऊन आणायचा शब्द दिला नाही हेच नशीब म्हणायचं.

ताटावर तिसऱ्या होत्या काशीबाई तायडे. सुरतेच्या डिंडोलीत, गिरणा पार्क सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या. वय चौऱ्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. नवरा भाऊराव रेल्वेत फाटकवाला होता. तो गेल्यावर त्याच्या जागी काशीबाईच नोकरीला लागल्या आणि बारडोलीच्या अलीकडच्या फाटकावर त्यांनी एकवीस वर्षं उसाच्या गाड्या अडवल्या. पुरणपोळीचा दुसरा तुकडा मोडता मोडता त्या म्हणाल्या, "रविवारी प्रदीप येतोय. मला पुण्याला न्यायला. कायमचं."

मास्तरांचा घास हातातच राहिला.

झालं होतं असं की मागच्या पावसाळ्यात खाडीचं पाणी डिंडोलीत घुसलं आणि गिरणा पार्कच्या तळमजल्यावर मांडीएवढं चढलं. तेव्हा चौघांनी काशीबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून दुसऱ्या मजल्यावर नेलं. कुणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. फोटोत काशीबाईंचे पाय वर, चष्मा कपाळावर आणि चेहरा असा की बघणाऱ्याने मान खाली घालावी. तो फोटो फिरत फिरत पुण्याला प्रदीपच्या फोनवर गेला. तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं: एक तर आई पुण्याला येईल, नाहीतर तिला पाण्यातून माणसासारखं बाहेर काढायची काहीतरी धड सोय मला डोळ्यांनी दाखवा.

"तुम्हाला जायचंय का, मावशी?" मास्तरांनी विचारलं.

"मला कशाला जायचंय? बाराव्या मजल्यावर राहतो तो. खिडकीतून खाली बघितलं तर माणसं दिसतात, आवाज येत नाही."

"मग कुठं जायचं नाही," मास्तर म्हणाले. "आपली नाव आहे ना. रविवारच्या आत मोटार सुरू करून दाखवतो. प्रदीपला त्याच्या डोळ्यांनी बघू दे."

जयश्रीबाईंनी आमरसाची वाटी खाली ठेवली आणि घरच्या अहिराणीत विचारलं, "तुमले पवता तरी येस का?"

मास्तरांनी आणखी आमरस मागितला. त्यांना पोहता येत नव्हतं.

नाव मात्र खरोखरच होती. मोठ्या पुरानंतर कुणा दानशूर मंडळाने सोसायट्यांना नावा वाटल्या, त्यातली एक. पिवळी, फायबरची. पार्किंगच्या कोपऱ्यात ती वर्षानुवर्षं पडून होती आणि तिच्यात गणपतीच्या मांडवाचे पडदे, दोन बिघडलेले पंखे आणि कुणाचं तरी पाळण्याचं सामान ठेवलेलं होतं. मोटार वेगळी, गोणपाटात बांधलेली. बोटीच्या पाठीला बाहेरून लावायची, खाली पंखा असलेली, जुनी पण नावाजलेली मोटार. तिला दोरी होतीच, शिवाय सेल होता. सुरतेत गाडीच्या स्टार्टरला सेल म्हणतात आणि बटण दाबून गाडी चालू करण्याला सेल मारणं म्हणतात. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे पाच दिवस या कथेत दुसरं काही झालेलं नाही.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, एकतीस वर्षं डाइंग मास्तर. साडीचा रंग एका छटेने इकडचा तिकडे झाला तर दिव्याखाली नुसतं बघून सांगणारा माणूस. रिटायर होऊन चौदा महिने झाले होते आणि त्या चौदा महिन्यांत त्यांनी घरातले सगळे नळ बदलले होते, त्यातले दोन चालू असताना. सकाळी सातला त्यांचे पाय आपोआप दाराकडे वळत आणि दारात गेल्यावर कळे की कुठं जायचंच नाही. अशा माणसाच्या हाती पाच दिवस आणि एक बंद मोटार आली, हे बरं झालं की वाईट, ते ज्याने त्याने ठरवावं.

मंगळवारी सकाळी मोटार काशीबाईंच्या दारासमोर आणली गेली, कारण पार्किंगमध्ये नळ तिथेच होता. एक फळी दोन ड्रमांवर ठोकून तिच्यावर मोटार टांगली. खालचा पंखा बुडवायला पाणी लागतं, म्हणून मास्तरांनी जुन्या मिलमधून एक मोठा निळा ड्रम मागवला. बॅटरी मात्र नावेतच सापडली. तिच्या दोन्ही टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली. तारा जोडून मास्तरांनी बटण दाबलं. काही नाही. खट् नाही, खुट् नाही. काशीबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसून मोटारीकडे नीट पाहिलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

मास्तरांनी मगदल्ला बंदरावरच्या होडीवाल्या रमणभाई टंडेलना फोन लावला. मासेमारी बंदीचे दिवस, सगळ्या होड्या दुरुस्तीला काठावर ओढलेल्या, त्यामुळे रमणभाईंना मरायचीसुद्धा फुरसत नव्हती. मागे हातोड्यांचा दणदणाट चालला होता. त्यातून त्यांचा आवाज आला, "मास्तर, पेला न्यूट्रल करो. न्यूट्रल वगर सेल नै लागे."

"आधी न्यूट्रल. आणि मग?"

"पछी हूं? सेल मारो." फोन बंद.

मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. एवढंच ना. न्यूट्रल करण्यात या माणसाचं आयुष्य गेलेलं. रंगाच्या पाण्यात आम्ल जास्त झालं की न्यूट्रल करा, सोडा जास्त झाला की न्यूट्रल करा, कपडा बाहेर काढण्याआधी न्यूट्रल करा. एकतीस वर्षं दिवसातून चाळीस वेळा हाच शब्द. आणि बॅटरीत तर आम्लच असतं, टोकांवर ते आम्लच फुटून आलेलं. रमणभाईंसारख्या होडीवाल्याला हे रसायनशास्त्र ठाऊक असावं याचं मास्तरांना मनापासून कौतुक वाटलं.

ते वर जाऊन खायचा सोडा घेऊन आले. मिलमधून निघताना शर्टाच्या खिशात राहून गेलेली पीएच कागदांची वहीही आणली; सातच्या खाली आम्ल, वर सोडा, बरोबर सात म्हणजे न्यूट्रल. गरम पाण्यात सोडा कालवून त्यांनी जुन्या दातांच्या ब्रशने बॅटरीची टोकं घासायला घेतली. घासायचं, पाणी ओघळू द्यायचं, त्यात कागदाचा तुकडा बुडवायचा, डोळ्यांसमोर धरायचा. "साडेपाच," ते म्हणत. पुन्हा घासत. "सहा." जमलेली माणसं मान डोलवत. दुपारी जयश्रीबाईंचा ढोकळा फुगेना तेव्हा सोड्याचा डबा रिकामा झाल्याचं घरात कळलं. संध्याकाळी पाचला कागद पिवळा-हिरवा झाला आणि मास्तर ताठ उभे राहून म्हणाले, "सात."

बटण दाबलं. काही नाही.

रमणभाईंना पुन्हा फोन.

"न्यूट्रल कर्यू?"

"एकदम. सात."

"सात हूं?"

"सात पॉइंट शून्य. एवढं न्यूट्रल तुमच्या अख्ख्या बंदरावर कुणी केलं नसेल."

पलीकडे हातोडेसुद्धा थांबल्यासारखे झाले. मग रमणभाई जपून म्हणाले, "मास्तर, तमे सूई जाव," आणि फोन ठेवून दिला. मास्तरांना झोपायला सांगणारा माणूस गेल्या एकतीस वर्षांत जन्मला नव्हता. त्यांना ते लागलं. त्यांनी ठरवलं, आता रमणभाईंना फोन करायचा तो मोटारीचा आवाज ऐकवायलाच.

बुधवारी सुकदेव आला. पहिल्या मजल्यावरचा, लूमच्या कारखान्यात वायरमन. पाळी बदलून दिवसा मोकळा होता. त्याने सगळी हकीकत उभ्याउभ्या ऐकली आणि हसला. वायरमन हसला की समोरच्याचं अज्ञान सिद्ध झाल्यासारखं वाटतं, का कोण जाणे.

"मास्तर, तो बोलला न्यूट्रल. न्यूट्रल म्हणजे काळी वायर. फेज आणि न्यूट्रल. तुम्ही बॅटरीला अंघोळ घालत बसलात."

"अरे पण बॅटरीला न्यूट्रल असतो का?"

"नसतो. मला काय कळत नाही?" सुकदेव म्हणाला. "पण समुद्रातल्या मशीनचं काही सांगता येत नाही. त्यांचं वेगळंच असतं सगळं."

बॅटरी तर चार्ज करायलाच हवी होती. सुकदेवने सोसायटीच्या मीटरपासून वायर ओढली, चार्जर लावला आणि समुद्रातल्या मशीनला शोभेल असा न्यूट्रल मिळावा म्हणून अर्थिंगची तार आणि न्यूट्रलची तार एकमेकांना बांधून टाकली. त्याच क्षणी गिरणा पार्कची वीज गेली. पंखे थांबले, पाण्याचा पंप थांबला आणि दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी गजेंद्र चौधरी होते, हातात दुधाच्या चार पिशव्या घेऊन.

त्यांना बाहेर काढायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात त्यांनी आतून जे जे सांगितलं ते सगळ्या मजल्यांना ऐकू गेलं. बाहेर आल्यावर मात्र ते एकदम शांत झाले, आणि सेक्रेटरी शांत झाला की नोटीस निघते. तासाभरात लिफ्टशेजारी कागद लागला: पार्किंगमध्ये कोणतेही यंत्र चालू करण्यापूर्वी योग्य त्या कार्यालयाचा दाखला सादर करावा. चौधरींनी नवी पांढरी कार घेतली होती आणि ती ठेवायला नावेचाच कोपरा त्यांनी मनात धरला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांनी विचारलंच, "गजेंद्रभाऊ, तुमचा या मोटारीला विरोध आहे का?"

"मी या प्रकरणात पूर्ण न्यूट्रल आहे," चौधरी म्हणाले.

गुरुवारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून दाखला आणायला गेले. कोणतं कार्यालय ते सांगत नाही. कुठल्याही गेलं असतं तरी हेच झालं असतं. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "कशाची मोटार? पाणी खेचायची?"

"नाही. पाण्यावर चालते."

बाईंनी प्रथमच मान वर केली. "पाण्यावर चालते? पेट्रोल नाही लागत?"

"पेट्रोल लागतं. पण चालते पाण्यावर."

"दोन्हीवर?"

"अहो, जमिनीवर चालत नाही एवढंच म्हणतोय मी."

बाईंनी आत जाऊन साहेबांना सांगितलं की बाहेर एक गृहस्थ आलेत, त्यांची मोटार पाण्यावर चालते पण सध्या जमिनीवर बंद आहे. साहेबांनी त्यांना पर्यावरण विभागाकडे पाठवलं. पर्यावरणवाल्यांनी त्यांना आदराने बसवलं, चहा दिला आणि शोधाचं पेटंट घेतलंय का असं विचारलं. मास्तर बाहेर पडले तेव्हा त्यांच्या हातात पहिल्या खिडकीवरून मिळालेला, शिक्का मारलेला एक छापील फॉर्म होता. त्यात यंत्राच्या प्रकारापुढे बाईंनी स्वतःच्या अक्षरात 'पंप' लिहून ठेवलं होतं. मास्तरांनी तोच फॉर्म चौधरींना दिला. चौधरींनी शिक्का बघितला, अक्षर बघितलं नाही, आणि फाइलला लावून टाकला. एक काम तरी झालं.

एव्हाना मोटार सगळ्या सोसायटीची झाली होती. येणारा जाणारा थांबायचा, बटण दाबून बघायचा आणि मत द्यायचा. कुणी म्हणे फ्यूज, कुणी म्हणे पेट्रोल शिळं, कुणी म्हणे कंपनीच बंद पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या उषाबाईंनी दसऱ्याला तिची कधी पूजा केली का, असा थेट सवाल टाकला. कुणी केली नव्हती. मग त्यांनी मोटारीला हळदकुंकू वाहिलं, ते नेमकं प्लगच्या टोपीवर. सुकदेवने ते पेट्रोलच्या फडक्याने पुसलं म्हणून उषाबाई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि बोलत नाही हे सांगायला दोन दिवस खाली येत राहिल्या. फ्यूज खरोखरच उडालेला निघाला, तो बदलला. तरी काही नाही.

काशीबाई दारातल्या खुर्चीवरून सगळं बघायच्या. सकाळी एकदा, दुपारी दोनदा, संध्याकाळी एकदा चहा द्यायच्या. गुरुवारी त्यांनी सगळ्यांना शेव-मुरमुरे दिले, शुक्रवारी थालीपीठं. मास्तर हात धुऊन निघाले की विचारायच्या, "उद्या किती वाजता येणार?"

"मावशी, तुम्ही काळजी करू नका."

"मी कुठं करतेय? उद्या भजी करते."

म्हातारीचा आपल्यावर केवढा विश्वास, या विचाराने मास्तरांचा जीव आणखी खालीवर व्हायचा. आतल्या खोलीत प्रदीपने कुरिअरने पाठवलेली नवी चाकांची बॅग उघडून ठेवलेली त्यांना दिसली होती. तिच्यात दोन लुगडी आणि भाऊरावांचा फोटो होता. रविवार चालून येत होता आणि ही बया खट्‌सुद्धा म्हणत नव्हती.

शुक्रवारी मास्तरांनी सेल सोडवून उधन्याला नेला. गाड्यांची वीजकामं करणाऱ्या दुकानदाराने त्याला टेबलावर धरून दोन तारा लावल्या. सेल असा गरगरला की दुकानदाराचा पेला खाली पडला. "सेल तो ताजो छे," तो म्हणाला. "बीमारी बीजे छे." म्हणजे रोग दुसरीकडेच. मास्तरांनी तो ताजा सेल परत आणून बसवला, शेजारच्या टेम्पोची भरलेली बॅटरी लावली, तारा घासून चकचकीत केल्या आणि बटण दाबलं. जगातलं सगळं ठीक होतं आणि मोटार बंद होती.

"बघा, मास्तर," सुकदेव म्हणाला, "एवढं सगळं चांगलं असून मशीन चालत नसेल तर तिची इच्छाच नाही."

शनिवारी मास्तर दोरीवर आले. बटण नसलं तर नसलं, जुनी माणसं काय बटणं दाबत होती? मोटारीच्या डोक्यावर दोरीची मूठ होती. पाय फळीला लावून त्यांनी हिसका दिला. दोरी तसूभर हलली नाही. जणू आतून कुणीतरी धरून बसलं होतं. त्यांनी दुसरा हिसका दिला, तेव्हा मोटारीतून काही आवाज आला नाही, मास्तरांच्या कमरेतून आला. त्यांना वर नेताना सुकदेवने सहज सुचवलं की खुर्ची आणू का, चौघं मिळून उचलू. मास्तरांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने त्यांनी आयुष्यात फक्त फिकट निघालेल्या मालाकडे पाहिलं होतं.

"काय व्हयनं?" जयश्रीबाईंनी दारात विचारलं.

"काही नाही. मोटार जाम आहे."

"मोटार का तुम्ही?" त्या म्हणाल्या, आणि तेल गरम करायला गेल्या. कंबर चोळता चोळता मग हळूच म्हणाल्या, "काशीबाई गई ना, ते आपली बी दुपार कठीण शे." जयश्रीबाई रोज दुपारी काशीबाईंकडे पत्ते खेळायला जात. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना खरंच रडू येत होतं.

रविवारी दहाला प्रदीप आला. बँकेत अधिकारी, सभ्य, थकलेला. टॅक्सी फाटकाबाहेर उभी, दुपारच्या गाडीची दोन तिकिटं खिशात. त्याने आईला नमस्कार केला, मास्तरांचा हात हातात घेतला आणि मोटारीकडे, फळीकडे, ड्रमकडे, जमलेल्या तीस-पस्तीस माणसांकडे पाहिलं.

"काका, तुम्ही आईसाठी एवढं केलंत," तो म्हणाला. "पण मला बारापर्यंत निघायलाच हवं."

बाराला पाच मिनिटं कमी असेपर्यंत सगळं करून झालं. बॅटरी बदलली, तारा बदलल्या, बटण दाबणारा माणूसही बदलला. कमरेला पट्टा बांधलेले मास्तर शेवटी पालथ्या नावेवर बसले. चौधरी त्यांची नवी कार त्या कोपऱ्यात मावते का ते बघायला हळूहळू मागे घेत होते.

"मावशी," मास्तर म्हणाले, "मला नाही जमलं. उगाच शब्द दिला मी. माफ करा."

काशीबाई खुर्चीतून उठल्या. काठी टेकत टेकत मोटारीपाशी आल्या. मोटारीच्या कडेला एक हातभर दांडा होता. पाच दिवसांत त्याच्यावर सुकदेवचा शर्ट, उषाबाईंची पिशवी आणि सगळ्यांचे टॉवेल लटकून गेले होते. तो पुढच्या बाजूला कललेला होता. काशीबाईंनी त्याच्यावरचा टॉवेल काढून घडी करून खांद्यावर टाकला, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि खट् करून मागे ओढून सरळ उभा केला.

"आता दाबा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी बटण दाबलं. सेल गर्रकन फिरला. दुसऱ्यांदा दाबलं, मोटार खोकली. तिसऱ्यांदा निळा धूर सोडून ती जी सुरू झाली ती सुरूच राहिली. पार्किंग हादरायला लागलं. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळे काशीबाईंकडे बघत होते.

"आमच्या फाटकाला असंच होतं," त्या मोटारीच्या वर आवाज चढवून सांगत होत्या. "फाटक पुरतं लागलं नाही तर सिग्नलचा दांडा हलायचाच नाही. कितीही ओढा. एक जागेवर नाही तर दुसरं चालायचं नाही, म्हणजे कुणी मरत नाही. ही गाडी गिअरमध्ये होती. गिअरमध्ये असताना कोणतं शहाणं मशीन सुरू होईल?"

"न्यूट्रल," सुकदेव पुटपुटला.

मास्तरांनी तीस वर्षं रोज सकाळी मोटरसायकल न्यूट्रलला आणून किक मारली होती. त्यांचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही, त्यालाही काही मान आहे. तो मान वाचवण्यासाठीच त्यांनी पुढची चूक केली. मोटार समजली आहे हे चारचौघांना दाखवावं म्हणून ते म्हणाले, "म्हणजे असा मधे ठेवला की न्यूट्रल, आणि असा पुढे टाकला की—" आणि टाकला.

पंखा फिरला. ड्रममधलं पाणी उठून छतापर्यंत गेलं. मिलमधला तो ड्रम मास्तरांनी तीनदा धुतला होता, पण वीस वर्षं रंग ठेवलेला ड्रम तीनदा धुऊन धुतला जात नाही, आणि तळाशी बसलेला सगळा गुलाबी ढवळून वर आला. उषाबाई, सुकदेव, प्रदीपची तिकिटं आणि चौधरींची पांढरी कार, सगळ्यांवर तो सारखा बसला. एका कपड्यावर इतका सारखा रंग बसवायला मास्तरांना मिलमध्ये दोन तास लागायचे. त्यांनी दांडा मागे घेतला, मोटार बंद केली आणि ओल्या चेहऱ्याने चौधरींना म्हणाले, "घाबरू नका. हा रंग एकशेतीस डिग्रीशिवाय चढत नाही. पाण्याने जाईल." तो खरंच पाण्याने गेला. पण चौधरी तेव्हा न्यूट्रल राहिलेले नव्हते.

प्रदीपने गुलाबी चष्मा काढून पुसला.

"आई, तुला हे आत्ता लक्षात आलं?"

"नाही. मंगळवारी."

"मंगळवारी?" हे मास्तर म्हणाले.

"चहा टाकायला आत गेले ना, त्याच्या आधी."

"मावशी, पाच दिवस. माझी कंबर गेली. मी पर्यावरणवाल्यांकडे जाऊन आलो. सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं?" काशीबाई म्हणाल्या. मग मुलाकडे बघून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याच्या कपाळावरचा रंग पुसला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मंगळवारीच सुरू झाली असती तर मंगळवारीच सगळे आपापल्या घरी गेले असते, प्रदीप. पाच दिवस माझ्या दारात माणसं होती रे. भांडत होती, चहा मागत होती. तुझे बाबा गेल्यापासून एवढे कप मी कधी विसळले नव्हते."

प्रदीपने आत जाऊन बॅगेतून भाऊरावांचा फोटो काढला आणि भिंतीवरच्या खिळ्याला परत लावला. टॅक्सीवाला एकट्या प्रदीपला घेऊन गेला, तेही संध्याकाळच्या गाडीला, भजी खाऊन.

मास्तर मात्र दुखावले. पाच दिवस एक म्हातारी आपल्याला खुर्चीवरून बघत होती, सात पॉइंट शून्य म्हणताना ऐकत होती, ही गोष्ट त्यांना गिळवेना. रविवारी संध्याकाळी ते खाली उतरले नाहीत. "रुसनात का?" जयश्रीबाईंनी विचारलं, तर ते नळ बघायला उठले.

सोमवारी सकाळी सातला त्यांचे पाय दाराकडे वळले. दारात क्षणभर थांबून ते जिना उतरले. मोटार फळीवरच होती, वर गोणपाट टाकलेलं. काशीबाई दार उघडून बसल्या होत्या. मोटार ठणठणीत होती आणि तिचं आता काहीएक करायचं नव्हतं.

मास्तरांनी गोणपाट बाजूला केलं.

"काल आवाज जरा जाड येत होता," ते म्हणाले.

काशीबाईंनी आधी मोटारीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"मलाही तसंच वाटलं," त्या म्हणाल्या. "उघडून बघा. मी चहा टाकते."